जुन्या इंजिनिअरिंगच्या मार्कशीट पीएचडीच्या फॉर्मला लावायच्या का?

यावेळचं पत्र नाशिकच्या अंबडहून आलंय. पत्र म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप केलेला लांबलचक मजकूर आणि सोबत मार्कशीटचे चार फोटो. नाव गाळून थोडक्यात देते:

"ताई नमस्कार. मी मूळची निफाड तालुक्यातली, सध्या अंबड एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला आहे. 2012 ला बारावी झाली आणि काकांच्या आग्रहाने मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन घेतलं. पहिलं वर्ष, एफ. ई., कसंबसं एटीकेटीवर निघालं, दुसऱ्या वर्षी, एस. ई. ला, वायडी लागला म्हणजे वर्ष वाया गेलं, 2014 ला सोडून दिलं. मग बी. एस्सी. केमिस्ट्री 71 टक्के, एम. एस्सी. अ‍ॅनालिटिकल 78 टक्के, 2019 पासून नोकरी. आता पीएचडी करायचीय, अमेरिका आणि जर्मनीत अप्लाय करतेय, नाहीच जमलं तर पुणे. त्या इंजिनिअरिंगच्या मार्कशीट द्यायच्या का? मिस्टर म्हणतात कोण बघायला येतंय. एका कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलं दोन वर्षांचं गॅप अ‍ॅफिडेव्हिट करून टाकू, विषय संपला. आणि द्यायच्याच झाल्या तर 2014 च्या गारपिटीत आमची बाग गेली होती ते कारण लिहू का? त्या मार्कशीट हातात घेतल्या तरी पोटात गोळा येतो."

अगं, पोटात गोळा येतो वाचून मला हसू आलं, रागावू नकोस, कारण माझ्या स्वतःच्या एस. वाय. च्या मार्कशीटवर मॅथ्समध्ये असे मार्क आहेत की ती मी लग्नानंतर कितीतरी वर्षं माहेरच्या ट्रंकेतच ठेवली होती, म्हटलं सासरी कुणाच्या हाताला लागायला नको. पुढे त्याच मार्कशीटची झेरॉक्स लावून पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालं आणि इंटरव्ह्यूत त्यावर कुणी ब्रही काढला नाही. म्हणून आधी उत्तर सांगते आणि मग बाकीचं बोलू. मार्कशीट द्यायच्या. अमेरिकेला तर द्यायच्याच.

कारण तिकडचे फॉर्म नीट वाच, ते "तुमच्या डिग्र्या सांगा" असं विचारत नाहीत, बारावीनंतर ज्या ज्या संस्थेत नाव घातलं त्या सगळ्या सांगा असं विचारतात, डिग्री मिळाली असो नाहीतर नसो. आणि शेवटी खाली एक टिकमार्क असतो की वरची सगळी माहिती खरी आणि पूर्ण आहे, खोटी निघाली तर प्रवेश रद्द. तो टिकमार्क तूच करणार आहेस, मिस्टर नाही आणि तो कन्सल्टन्सीवाला तर नाहीच नाही.

मिस्टर म्हणतात कोण बघतंय, त्यांचं तसं चूक नाही, अमेरिकेतला एखादा प्रोफेसर काही उठून नाशिकच्या कॉलेजात फोन लावणार नाही. पण हे लपवायचं म्हटलं तर किती ठिकाणी लपवावं लागेल ते मोज की. बारावी 2012 आणि बी. एस्सी. ची सुरुवात 2014, हे सीव्हीवर उघड्या डोळ्यांना दिसतंय. तू एफ. वाय. ला अ‍ॅडमिशन घेतलंस तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजचा एलसी दिला असशील, मग बी. एस्सी. कॉलेजने तुला जाताना जो एलसी दिला त्यावर मागच्या कॉलेजच्या रकान्यात काय छापलंय ते एकदा काढून बघ. आणि पुढे अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म येतो, डीएस-160, त्यात पण शाळेपासून पुढच्या सगळ्या शिक्षणसंस्थांची नावं आणि तारखा विचारतात. आता तिथे काय लिहिणार? युनिव्हर्सिटीला एक आणि व्हिसाला दुसरं? व्हिसाच्या फॉर्ममध्ये खोटं लिहिणं हे प्रकरण अ‍ॅडमिशन रद्द होण्यापेक्षा कितीतरी जड जातं बाई.

आणि ते गॅप अ‍ॅफिडेव्हिट. त्यावर माझा खरंच संताप झाला. गॅप अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे "या काळात मी कुठेही शिकत नव्हते" असं स्टॅम्प पेपरवर शपथेवर सांगायचं, आणि तू तर शिकत होतीस, परीक्षा दिल्यास, फी भरलीस. म्हणजे ज्या गोष्टीत तुझा काडीचाही गुन्हा नाही, नुसते मार्क कमी आहेत, ती झाकायला खरोखरचा गुन्हा करायचा. कमी मार्क पडणं ही लबाडी नाही हे त्या माणसाला कुणीतरी सांगायला पाहिजे. त्याच्याकडे परत जाऊ नकोस, अ‍ॅडव्हान्स दिला असशील तर तो गेला समज.

जर्मनीचं थोडं वेगळं. तिथे पीएचडी म्हणजे बऱ्याचदा नोकरीच्या जागेसारखं असतं, प्रोफेसरला थेट मेल करायचा, जागा निघाली की अर्ज करायचा, आणि ते मुख्य बघतात तुझं मास्टर्स. आपले टक्के ते त्यांच्या स्केलवर बसवतात, 1 सगळ्यात चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास. बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात त्याला. तुझे 78 घे, जास्तीत जास्त 100 आणि पासिंग 40 धर, तर शंभरातून 78 गेले राहिले 22, त्याला साठाने भाग, तिनाने गुण, वर एक मिळव, आले 2.1. चांगला आहे तो. इंजिनिअरिंगचे मार्क या हिशोबात येतच नाहीत. पण जर्मन लोकांना सीव्हीत मोकळी जागा अजिबात खपत नाही, महिना-वर्ष लावून सरळ पट्टी लागते, म्हणून तिथे एक ओळ टाकायची, "2012 ते 2014, मेकॅनिकल इंजिनिअरिंग, अपूर्ण". मार्कशीट मागितल्या तर द्यायच्या, नाही मागितल्या तर मेलला जोडत बसायचं नाही.

पुण्याचं तर तू उगाच टेन्शन घेतेयस. यूजीसीचे 2022 चे पीएचडीचे नियम दोन वर्षांच्या मास्टर्सला 55 टक्के मागतात, तुझे 78 आहेत. 2024 पासून नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या, स्कोअरवर पण पीएचडीला जाता येतं, जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली नाही तर नेटला 70 टक्के आणि इंटरव्ह्यूला 30 टक्के वजन. यात 2013 च्या एम-टू चा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या मॅथ्सच्या पेपरचा, संबंध कुठे येतो सांग बरं? फॉर्ममध्ये मिळालेल्या डिग्र्यांचेच रकाने असतील तर त्याच भर. विचारलं तिथे लपवायचं नाही, आणि जिथे विचारलंच नाही तिथे दवंडी पिटायची नाही, एवढं साधं ठेव.

आता गारपीट.

इथे मी जरा स्पष्ट बोलणारे. तू पाठवलेले फोटो मी झूम करून बघितले, लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आलीय तरी तारीख वाचता येते. एफ. ई. चे गेलेले विषय मे 2013 चे आहेत. गारपीट झाली फेब्रुवारी-मार्च 2014 ला, ती मलाही आठवते, निफाड-दिंडोरीकडे तोडणीला आलेली द्राक्षं गारांनी फोडून मातीत घातली होती, रस्त्याच्या कडेला बर्फाचे थर होते आणि माणसं बागेत नुसती उभी होती. ते दुःख खरंच आहे. पण तुझे निम्मे विषय त्याच्या आधी गेलेत. जो माणूस तुझं कारण वाचेल त्याच्या समोरच ती मार्कशीट असणार, तो तारखा लावून बघणार, आणि एकदा का त्याला वाटलं की ही पोरगी सबब सांगतेय तर पुढच्या 78 टक्क्यांकडे पण तो तशाच डोळ्याने बघेल.

आणि खरं कारण तर तूच पहिल्या चार ओळींत लिहिलंयस. काकांच्या आग्रहाने घेतलं. मेकॅनिकल तुझं नव्हतंच. हे कारण साधं आहे, त्यात रडारड नाही, आणि ते सिद्ध करायला तुझ्याकडे पुढची पाच वर्षं आहेत, केमिस्ट्रीला गेलीस आणि 71, मग 78. म्हणून फॉर्ममध्ये जो "आणखी काही सांगायचं असल्यास" असा चौकोन असतो ना त्यात फार तर एवढं लिही, इंग्रजी तुझं तू कर:

"2012 ते 2014 मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होते. ती शाखा माझी आवड म्हणून निवडलेली नव्हती आणि माझे मार्क त्या काळात कमी राहिले. दुसऱ्या वर्षी घरच्या द्राक्षबागेचं गारपिटीत मोठं नुकसान झालं. 2014 ला मी केमिस्ट्रीला प्रवेश घेतला, त्यापुढच्या दोन्ही डिग्र्यांचे मार्क सोबत आहेत."

बास. चार वाक्यं. गारपीट आली पण एका वाक्यात आणि "दुसऱ्या वर्षी" हे शब्द लावून, म्हणजे तारखेशी जुळते. माफी नाही, "मी खूप शिकले त्यातून" नाही, आणि हे एसओपीत, म्हणजे आपण पीएचडी का करतोय ते सांगणाऱ्या निबंधात, तर अजिबात घालायचं नाही. एसओपीचा पहिला पॅरा जर नापास झाल्याच्या गोष्टीने सुरू केलास तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तू नापास म्हणूनच बसशील, मी अशा एसओपी वाचल्यात, मुलं इतकी प्रामाणिक होतात की केमिस्ट्री येते दुसऱ्या पानावर.

बाग मात्र एसओपीत आण, पण दुसऱ्या दाराने. तुझं अ‍ॅनालिटिकल आहे, घर निफाडला आहे, आणि 2010 साली सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, या औषधाच्या रेसिड्यूमुळे, म्हणजे फळात उरलेल्या अंशामुळे, आपली द्राक्षं युरोपात अडकली होती तेव्हा तू दहावीच्या आसपास असशील. तेव्हा घरात काय बोलणं चाललं होतं ते आठवतंय का? वडलांचे कंटेनर गेले होते का त्यात? गावात कुणाचे? पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथे रेसिड्यूची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे, त्या विषयावरचे त्यांचे पेपर वाच. जी पोरगी बागेत वाढली, औषध कधी मारतात आणि तोडणी कधी होते हे जिला पुस्तकातून शिकावं लागत नाही, आणि जी रोज एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशिनवर, बसते, तिने रेसिड्यू अ‍ॅनालिसिसमध्ये पीएचडी करायचीय म्हटलं तर ते कुणालाही पटेल. तुला दुसरा विषय घ्यायचा असेल तर घे, माझा हट्ट नाही, पण बागेचं नाव काढायचंच असेल तर इथे काढ, मार्कांच्या सबबीत नको.

पत्राच्या शेवटी तू अशीच एक ओळ टाकलीयेस, मी ती वर गाळली कारण कंपनीचं काम आहे, पण नाव न घेता बोलते. की एका सॅम्पलच्या आलेखावर एक जास्तीचा पीक, म्हणजे उंचवटा, येत होता, सगळे म्हणत होते मशिनचा कॉलम खराब झालाय, बदला, आणि तू मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा, पीएच थोडा हलवून दाखवलंस की पीक सरकतो पण जात नाही, म्हणजे खरंच काहीतरी आहे. अगं हेच तर रिसर्च आहे! हे तुझ्या साहेबांनी रेकमेंडेशनच्या पत्रात लिहायला पाहिजे, प्रॉडक्टचं नाव न लिहिता आणि कंपनीची परवानगी घेऊन. नाहीतर आपल्याकडे साहेब लोक काय लिहितात, "शी इज हार्डवर्किंग अँड सिन्सिअर", खाली सही-शिक्का, असं पत्र म्हणजे लग्नातला आहेर, पाकीट फोडायच्या आधीच माहीत असतं आत काय आहे. एम. एस्सी. च्या गाइड मॅडमना पण भेट, त्यांना या दोन वर्षांचं मोकळेपणाने सांग, आणि विचार की "मॅडम, मी तुमच्याकडे आले तेव्हा कशी होते आणि जाताना कशी होते एवढं लिहाल का". तुझ्या चार वाक्यांपेक्षा त्यांची एक ओळ जास्त चालते.

एक गोष्ट मात्र मार्कशीटमधली खरंच बघायला लागेल, ती म्हणजे मॅथ्स. एम-वन काठावर, एम-टू दुसऱ्या फेरीत, एम-थ्री गेलेला. रेसिड्यूच्या कामात आकडेवारी लागते, कॅलिब्रेशन, एरर, स्टॅटिस्टिक्स, वाचणारा तिथे थांबणार. तर आत्तापासून स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एनपीटेलचा स्टॅटिस्टिक्सचा किंवा केमोमेट्रिक्सच्या (केमिस्ट्रीतल्या आकडेवारीच्या) जवळचा एखादा कोर्स घे आणि नुसते व्हिडिओ बघू नकोस, प्रॉक्टर्ड, म्हणजे देखरेखीखालची, परीक्षा दे आणि सर्टिफिकेट जोड. जुना एम-थ्री त्याने पुसला जात नाही, पण त्याच्या खाली नवीन तारखेचा एक आकडा येतो.

जीआरई या प्रवेशपरीक्षेचा कुठला स्कोअर पाठवायचा ते आपल्या हातात असतं, पाच वर्षांतले दोनदा दिले असतील तर चांगला निवडता येतो, म्हणून मुलांना वाटतं ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या सगळ्या मार्कांच्या उताऱ्याचं, पण तसंच असेल. तसं नसतं, तिथे सगळंच जातं. आणि टक्क्यांचं जीपीएत रूपांतर स्वतः करू नकोस, 71 भागिले 100 गुणिले 4 असलं काही तर मुळीच नको, आपल्याकडचा फर्स्ट क्लास त्या हिशोबात सी होतो. फॉर्ममध्ये स्केल 100 निवड आणि आहेत ते टक्के टाक, त्यांना बदलायचे तर ते बदलतील नाहीतर डब्ल्यूईएससारख्या परदेशी मार्क तपासून देणाऱ्या संस्थांकडून करून मागतील.

अजून एक गंमत तुझ्या कागदांत आहे जी तुझ्या लक्षात आली नसेल. 2014 ला विद्यापीठाचं नाव बदललं, पुणे विद्यापीठाचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. म्हणजे इंजिनिअरिंगच्या मार्कशीटवर एक नाव आणि एम. एस्सी. च्या मार्कशीटवर दुसरं. तिकडच्या क्लार्कला ही दोन विद्यापीठं वाटणार आणि मग दुसऱ्या विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट कुठाय म्हणून मेल येणार, म्हणून फॉर्ममध्येच एक ओळ टाक की एकच विद्यापीठ आहे. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललं असेल तर त्याचे कागद पण बरोबर ठेव, मार्कशीटवर माहेरचं आडनाव आधी आणि तुझं नाव नंतर असं उलटं छापलेलं असतं, त्यात पण घोळ होतो.

अमेरिकेचे बरेचसे केमिस्ट्रीचे प्रोग्राम डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बंद होतात. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी साधे स्कॅन चालतात, विद्यापीठाचा सीलबंद ट्रान्सक्रिप्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात, तरी त्याला आपल्याकडे वेळ लागतो हे धरून चल आणि दिवाळीच्या आधी ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज टाक, सुट्टीत सगळं ठप्प असतं. डिग्री पूर्ण न केलेल्या कोर्सचा ट्रान्सक्रिप्ट कसा मिळेल ते आधी जुन्या कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला विचार. तिथे जायची लाज वाटतेय हे मला कळतं, पण दहा-बारा वर्षांत खिडकीतला माणूस बदललेला असणार, आणि नसला बदललेला तरी त्याच्या हाताखालून इतके वायडी गेलेत की त्याला तुझं तोंड आठवायचं कारण नाही. आधारची झेरॉक्स, जुन्या मार्कशीटची झेरॉक्स, आणि विद्यापीठाचा पीआरएन, म्हणजे कायमचा नोंदणी नंबर, चिठ्ठीवर लिहून ने. गेलेल्या विषयांच्या पण सगळ्या मार्कशीट हव्यात, फक्त शेवटची पास झालेली नाही.

स्कॅन करताना मागची बाजू पण कर, ग्रेडचं स्केल आणि पासिंगचे नियम तिथेच असतात आणि पोरं नेमकी तीच बाजू सोडतात. तुझ्या लॅमिनेट केलेल्या आहेत, त्यावर शिक्का बसत नाही, तर अटेस्टेशन झेरॉक्सवर करून घे. आणि लॅमिनेशन घरी ब्लेडने सोलायला जाऊ नकोस, माझ्या भाचीने केलं होतं, प्लॅस्टिकबरोबर सगळी छपाई निघून आली आणि डुप्लिकेटसाठी पोलीस स्टेशनपासून सुरुवात करायला लागली.